रेघेवर शब्द लिहायला लावणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

मटेरियल, म्हणजे वस्तू ज्यांच्या बनतात ते पदार्थ, हा विषय शिकवणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून हे आभाराचं पत्र. उघड लिहितोय, कारण तुम्ही घालून दिलेली पद्धत संकल्पना नकाशा, म्हणजे चौकटींतल्या संकल्पना शब्द लिहिलेल्या रेघांनी जोडणारं चित्र, काढायला बसलेल्या कुणाच्याही कामाची आहे. हा नकाशा १९७२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोवाक यांच्या गटाने विकसित केला, एवढं पुस्तकात सापडतं. तो मटेरियलसाठी कसा राबवायचा, ते तुमच्याकडून मिळालं.

नकाशाच्या डोक्यावर आधी प्रश्न लिहायचा, ही तुमची पहिली अट. नुसतं ‘पॉलिमर’ (लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ, जसं प्लास्टिक) लिहून सुरुवात केली की चौकटी वाढतच जातात, काय गाळायचं ते ठरत नाही. ‘तव्याची मूठ कशाची करावी आणि का?’ असं विचारलं की निवड आपोआप होते. उष्णतावहन हवं, वितळणबिंदू हवा, थर्मोप्लास्टिक (तापवल्यावर मऊ होणारं) आणि थर्मोसेट (एकदा घट्ट झालं की पुन्हा न वितळणारं) हवेत. रंग आणि चकाकी नको. मग पंधरा ते पंचवीस संकल्पना सुट्या चिठ्ठ्यांवर, एका चिठ्ठीवर एक-दोन शब्द. चौकटीत अख्खं वाक्य शिरलं तर तो नकाशा राहत नाही, तुकडे केलेला परिच्छेद होतो. चिठ्ठ्या व्यापक ते विशिष्ट अशा वरून खाली लावायच्या आणि त्या जागेवर स्थिरावल्याशिवाय एकही रेघ मारायची नाही.

सगळ्यात जास्त आभार रेघेवरच्या शब्दांबद्दल. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि रेघेवरचा मजकूर दोन चौकटींच्या मधे बसतो. त्यामुळे ‘हीट ट्रीटमेंट – बदलते – सूक्ष्मरचना’ (तापवून थंड करण्याची प्रक्रिया आणि धातूची आतली बारीक रचना) वाचताना अडखळायला होतं. तुम्ही सुचवलेली जोडणी चपखल बसते: ‘मुळे बदलते’, ‘चा एक प्रकार म्हणजे’, ‘चं उदाहरण म्हणजे’. पॉलिमर – चा एक प्रकार म्हणजे – थर्मोसेट. थर्मोसेट – चं उदाहरण म्हणजे – बेकेलाइट. मोठ्याने वाचल्यावर सरळ वाक्य झालं नाही, तर रेघ खोडायची.

या एका नियमाने किती गोष्टी उघड्या पडतात! ‘स्टील – कठीण’ ही रेघ घ्या. ०.८ टक्के कार्बनचं स्टील लालभडक तापवून भट्टीतच हळू थंड केलं तर पर्लाइट ही सूक्ष्मरचना मिळते, त्या मानाने मऊ. तेच पाण्यात बुडवलं तर मार्टेन्साइट, कठीण आणि ठिसूळ. रासायनिक घटक तेच, कडकपणा वेगळा. म्हणजे ‘स्टील’ आणि ‘कडकपणा’ यांच्यामधे ‘हीट ट्रीटमेंट’ आणि ‘सूक्ष्मरचना’ या दोन चौकटी यायलाच हव्यात.

वर्गीकरणातली गफलत वेगळी. धातू, सिरॅमिक, पॉलिमर, सेमीकंडक्टर, बायोमटेरियल ही सगळी एका रांगेत मांडलेली सर्रास दिसतात. पहिली तीन घटक आणि रासायनिक बंधांवरून ठरतात, सेमीकंडक्टर विद्युत गुणधर्मावरून, बायोमटेरियल वापरावरून. टायटॅनियम धातूही आहे आणि कृत्रिम सांध्यातलं बायोमटेरियलही. एका रांगेला एकच निकष, बाकीचे निकष वेगळ्या रंगाच्या आडव्या रेघांनी, हा तुमचा तोडगा आता आमच्याकडे कायमचा झाला आहे. काचेला त्यामुळे दोन रेघा येतात: घटकांवरून सिरॅमिककडून, अणूंच्या अनियमित मांडणीवरून ‘अस्फटिकी’कडून. आणि ‘वाहक’ ही चौकट हिऱ्यापाशी फुटते. हिरा उष्णता उत्तम वाहून नेतो, वीज नाही. म्हणून उष्णतावाहक आणि विद्युतवाहक वेगळे लिहावे लागतात. आडव्या रेघा मात्र मोजक्याच, नाहीतर कोळ्याचं जाळं होतं.

आकडे चौकटीत नकोत, बाजूच्या तक्त्यात ठेवा, हेही तुमचंच. अॅल्युमिनियमची घनता २.७, स्टीलची ७.८५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. यंगचा गुणांक, म्हणजे ताठपणाचं माप, अनुक्रमे ७० आणि २०० गिगापास्कलच्या आसपास. भागाकार करून पाहिला की ताठपणा आणि घनतेचं गुणोत्तर दोघांचं जवळजवळ सारखंच निघतं. म्हणजे नुसत्या ताणात राहणाऱ्या दांड्यात, ताणून होणारी वाढ तेवढीच ठेवायची असेल, तर अॅल्युमिनियमने वजन वाचत नाही. वाकणाऱ्या तुळईत वाचतं, कारण तेवढ्याच वजनात जाड छेद मिळतो. ‘हलकं म्हणून अॅल्युमिनियम’ ही रेघ त्यामुळे ‘भाराचा प्रकार’ या चौकटीतून वळवून न्यावी लागते.

लाकूड अजून कडेलाच पडलं आहे. सेल्युलोजचे तंतू लिग्निनमधे बसलेले म्हणून ते कॉम्पोझिट, म्हणजे वेगवेगळे पदार्थ एकत्र येऊन झालेलं, पण हे दोन्ही घटक स्वतः पॉलिमर. पॉलिमरकडून येणाऱ्या रेघेवर काय लिहावं, तेवढं सुचवलंत तर आणखी एकदा आभार मानू.

आपले,
मटेरियल शिकवणारे आम्ही सगळे