रविवारच्या फोननंतर

चि. मनीषास आईचे अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवून दिलास, त्यानंतर मी तीनदा लावला. उचलला नाहीस. राग आला असणार, कळतं मला. लेकीनं गोड बातमी सांगायला फोन केला आणि आईच्या तोंडून पहिला शब्द काय निघाला, तर ती हिरडीला चोळायची मिश्री. अण्णा ओट्यावर जाऊन डोळे पुसत बसले होते, मला म्हणाले, "आधी तिला काय खावंसं वाटतंय ते तरी विचारायचंस." आता विचारते. काय खावंसं वाटतं गं? चिंच फोडून ठेवलेली आहे, मेथीचे लाडू मात्र एवढ्यात नको.

मिश्रीचं या पत्रात काढायचं नाही, असं ठरवून बसले होते.

पण तू म्हणालीस, "तूही लावत होतीस, मला काय झालं?" तुला काही झालं नाही, ही देवाची कृपा. जन्मली तेव्हा दोन किलो शंभर होतीस. अडीच किलोच्या खालचं बाळ कमी वजनाचं, हे मला अंगणवाडीत काटा हातात आल्यावर कळलं. तोवर आमच्या घरात सगळे म्हणायचे, पोरीची चणच बारीक. तुझ्या पाठचं जे पोटातच गेलं, त्याबद्दल मी कधी कुणापाशी बोलले नाही. सातवा महिना होता. मिश्रीनंच झालं असं कुणी सांगितलं नाही, मलाही तसं म्हणता येत नाही. पण त्या सकाळी मी दोनदा लावली होती, तेवढं लख्ख आठवतं.

काल रात्री बोटांवर मोजलं. पाळी चुकून तीन आठवडे, म्हणजे शेवटच्या पाळीपासून सातवा आठवडा. बाळ जेमतेम हरभऱ्याच्या दाण्याएवढं. मणक्याची नळी मिटलीसुद्धा, काळीज धडधडायला लागलं. हात अजून वल्ह्यासारखे चपटे, बोटं सुटी व्हायला आणखी तीनेक आठवडे. तोंडातली टाळू दोन्ही बाजूंनी येऊन जुळायची, ती त्याच्याही नंतर. हे सगळं आत्ता घडतंय, तू मशिनवर बसलेली असतानाच.

म्हणून सांगते, कुणी दिली म्हणून गोळी घ्यायची नाही. मुरुमांची ती गोळी तर मुळीच नाही. मुलगा व्हावा म्हणून पुडी देणारा तो सासूबाईंच्या ओळखीतला माणूस आला, तर दारातूनच परत पाठव. ट्रेनिंगमध्ये मॅडमनी सांगितलं होतं, जर्मनीत 1957 पासून थॅलिडोमाइड नावाची झोपेची गोळी अगदी निर्धोक म्हणून विकत होते. बायका उलट्यांवर घ्यायच्या. 1961 मध्ये बंद केली, तोवर हजारो मुलं आखूड हातापायांची जन्मली होती. ज्यांनी हात घडायच्या त्या थोड्या दिवसांत घेतली, त्यांचीच मुलं तशी झाली.

बघ, लेक्चर द्यायलाच लागले. माफ कर. तू काही अडाणी नाहीस. स्वतःच्या कमाईवर भोसरीत गाळा घेतलास, तीन मशिनी टाकल्यास, आपल्या घरात हे कुठल्या बाईनं केलं होतं? मी गावभर सांगते. जळणाऱ्यांना जळू दे.

पण मिश्री तंबाखूच आहे, मनू. तव्यावर काळी केली म्हणून तिचं दुसरं काही होत नाही. निकोटीन वारेतून थेट बाळापर्यंत जातं, रक्तवाहिन्या आवळतात, बाळाला पोचायचं रक्त कमी होतं. मुंबईत बाराशेवर गरोदर बायकांचा अभ्यास झाला, 2004 साली छापून आला. त्यातल्या तंबाखूवाल्या बहुतेक मिश्रीच लावणाऱ्या. त्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनं हलकी आणि सहा दिवस आधी जन्मलेली. काट्यावर 105 ग्रॅम म्हणजे काय, ते मी रोज बघत आले.

आणि ही सवय तुला लावली कुणी? तुला आठवतं का माहीत नाही. चौथीत होतीस. दाढ ठणकत होती, रात्रभर रडलीस. आजीनं संध्याकाळीच भाजलेली, घरभर ठसका भरलेला, चूल अजून गरम होती. त्या डबीतली चिमूट मीच तुझ्या हिरडीला चोळली, या बोटानं. गप्प झोपलीस. मला केवढं बरं वाटलं होतं. आता तुला ओरडायला माझं तोंड नाही, तरी ओरडले.

विजूच्या वेळी सोडली मी. चार दिवस डोकं फुटायला आलं, बोट सारखं हिरडीकडे जायचं, पोट साफ होईना. सकाळी कोमट पाणी प्यायचे, निंबाची काडी चावायची, भाजलेली बडीशेप तोंडात. विजू तीन किलो भरला. तुझंही अजून वेळेत आहे. बाळाचं वजन भरतं ते शेवटच्या तीन महिन्यांत. जमत नसेल तर सरकारचा फुकट फोन आहे, 1800-11-2356, तिथं बोल. मला नाही सांगितलंस तरी चालेल.

शनिवारी पहाटेच्या एसटीनं येते. डबीचं काही विचारणार नाही. तुझ्या हातचा चहा पिऊन गाळा बघेन.

तुझी,
आई

ता. क. फोलिक ॲसिडची गोळी तिसरा महिना संपेपर्यंत रोज घे, लोहाची त्यानंतर. विजू बुधवारी तुमच्याकडे येतो ना? डबी त्याच्याकडे दे. मशिनच्या खणात दुसरी ठेवतेस, तीही.