ढाक्याहून

ढाका, १३ ऑगस्ट २०२४

प्रिय दोस्ता,

'यायलास का नाही?' म्हणून तू सारखं विचारायलास. आत्ता तरी नाही. सूतगिरणी गेल्या बुधवारी सुरू झाली, कापसाच्या गाठी गोदामात तुंबल्यात, अन् पगार याच गावात मिळतो बाबा.

गणभवनातून, म्हणजे इथल्या पंतप्रधानांच्या बंगल्यातून, बदकं, मासे, खुर्च्या उचलून नेणारे लोक तुम्ही टीव्हीवर पाहिले, तसे मीही मोबाइलवरच पाहिले. ५ तारखेला उत्तरा भागातल्या आमच्या गच्चीवरून दिसली ती नुसती माणसं, विमानतळाच्या रस्त्यानं शहराकडं चाललेली. संपता संपेनात. दुपारी कळलं, पंतप्रधान शेख हसीना देश सोडून भारतात गेल्या.

पण खरे हाल झाले जुलैत, अन् तेही विजेच्या मीटरपायी. इथं मीटर प्रीपेड. विद्यार्थ्यांचं आंदोलन दडपायला सरकारनं १८ तारखेला रात्री नेट तोडलं, १९च्या मध्यरात्रीपासून कर्फ्यू. मोबाइलवरून रिचार्ज होईना, पैसे संपले अन् पंखा बंद. इथला जुलैचा उकाडा म्हणजे अंगाला चिकटून बसतो. आपला परभणीचा मे परवडला. कर्फ्यू थोडा सैल झाला तसा वीज कचेरीपुढं रांगेत उभा राहिलो. तिथं वीस आकडी नंबर देतात, तो मीटरची बटणं दाबून भरायचा. जिन्याखाली अंधार. घरमालकीण, मी खालाम्मा म्हणतो त्यांना, टॉर्च धरायच्या अन् मी आकडे दाबायचो. एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी पंखा फिरला तेव्हा त्या 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणाल्या अन् माझ्या तोंडून 'पांडुरंगा' निघालं!

रांगेत पुढं बीसीएसची, म्हणजे इथल्या सरकारी नोकरीच्या परीक्षेची, तयारी करणारं एक पोरगं होतं. आपल्या एमपीएससीवाल्यांसारखंच, वय निघून चाललेलं. सरकारी नोकरीत १९७१च्या स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांना ३० टक्के जागा, हे त्याचं दुखणं, अन् त्यावरूनच ते आंदोलन पेटलं. २१ जुलैला सुप्रीम कोर्टानं ९३ टक्के जागा गुणवत्तेवर दिल्या, पण तोवर किती पोरं गेली होती! मग कोर्टाचं कोण ऐकतंय? अंतरवाली सराटीतल्या लाठीमारानंतर आपल्याकडं काय पेटलं ते आपण पाहिलंय. तिथं मी चहाच्या टपरीवर तावातावानं भांडलो असतो. इथं नुसती मान हलवली. परक्या मुलखात मत असून नसल्यासारखं.

त्यात मी भारतातला. कोपऱ्यावरचा दुकानदार अंडी बांधता बांधता विचारतो, 'दादा, तुमच्या दिल्लीत तिला कुठं ठेवलंय?' आता मला कुठली दिल्ली ठाऊक! मी हसतो, तोही हसतो, पण उधारी मात्र बंद केलीय त्यानं. हिंदूंच्या घरांवर हल्ले झाले हे खरं, अन् देवळांवर विद्यार्थ्यांनी पहारे दिले हेही खरं. तिकडं लोक यातलं एकच अर्धं सांगत सुटलेत, त्यांना माझं नाव सांगून काही पाठवू नकोस.

हसीना गेल्यावर पोलीस ठाणी ओस पडली तेव्हा रात्री मशिदीच्या भोंग्यावरून 'डाकू आले' म्हणून पुकारा व्हायचा. गल्लीतले सगळे खाली. मीही पडद्याचा दांडा घेऊन उभा. डाकू काही दिसला नाही, चहा मात्र भरपूर झाला. दिवसा चौकात कॉलेजची पोरं शिट्ट्या वाजवत वाहनं आवरायची. खरं सांगू, ट्रॅफिक एवढी शिस्तीत मी इथं कधी पाहिली नव्हती.

आईकडं एकदा जाऊन ये. दांड्याचं सांगू नको, नेट बंद होतं एवढंच सांग. अन् सोयाबीनला पाऊस कितपत झाला ते कळव.

तुझाच