पियानोची टकटक नेमकी कुठली?

प्रिय मित्रा,

"पियानो वाजवतोय की टाइपरायटर, तेच कळत नाही," हे तुझं वाक्य वाचून आधी हसलो, मग ओशाळलो. माझ्या उभ्या पियानोचीही एकदा हीच गत झाली होती आणि मी शहाणा पहिल्याच दिवशी तेलाचा स्प्रे घेऊन बसलो होतो. तेवढं करू नकोस. तेल फेल्टमध्ये (म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीत) आणि लाकडात मुरतं. चार दिवस आवाज गेल्यासारखा वाटतो, मग तारांवर पडणाऱ्या हातोड्या ज्या बारीक पिनांवर फिरतात, त्या चिकटायला लागतात आणि हातोड्या अर्ध्या वाटेत रेंगाळतात. माझ्या नऊ हातोड्यांच्या पिना त्यापायी बदलाव्या लागल्या.

मधल्या सप्तकात 'टक' येतो, एवढंच तू लिहिलंस. पण येतो कधी? पट्टी खाली जाताना, तळाला टेकताना, की बोट उचलल्यावर? निम्मं निदान इथेच होतं. तळाला ठक्क होत असेल तर पट्टीच्या पुढच्या टोकाखालची फेल्टची चकती दाबून दाबून कडक झाली असणार. बोट उचलल्यावर धप्प होत असेल तर मागच्या टोकाखालचं कापड बघ. जुन्या पियानोत त्याला बहुधा कसर लागलेली असते. ही दोन्ही कामं सोपी. पट्टी खाली जाताना आवाज येत असेल तर मात्र बैठक मारायची तयारी ठेव.

वरची फळी काढ. पट्टीला हात न लावता संशयित हातोडी बोटाने हळूच तारेकडे ढकल आणि सोड. तरीही टक आला तर पट्टी निर्दोष. मग हातोडीचं डोकं चिमटीत धरून किंचित डावी-उजवीकडे हलव आणि लगेच शेजारच्या हातोडीलाही तसंच करून बघ. शेजारणीशी तुलना केल्याशिवाय कुणालाच दोषी ठरवायचं नाही. डोकं दांडीवर हलत असेल तर सरस सुटलाय. अख्खी हातोडीच डुलत असेल तर एक तर तिची सेंटर पिन, म्हणजे ती फिरते ती बारीक पिन, सैल आहे, नाही तर फ्लेंजचा, म्हणजे तिला धरून ठेवणाऱ्या छोट्या लाकडी बिजागरीचा, स्क्रू.

माझं मत विचारशील तर आधी स्क्रूच. हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं आणि स्क्रूची पकड सुटते. माझ्याकडे ३७ नंबरच्या पट्टीला मी दोन आठवडे शिव्या घातल्या, आणि चोर निघाला ३८चा स्क्रू! लांब पेचकस हातोड्यांच्या मधून आत घातला, पाव फेरा दिला आणि टकटक जागच्या जागी बंद. पाव फेराच हं. जोर केलास तर लाकडातले आटे जातात. घट्ट केल्यावर हातोडी तिच्या तिन्ही तारांवर सरळ पडतेय ना, तेही बघून घे, कारण स्क्रू फिरताना ती बाजूला सरकते.

स्क्रू घट्ट असूनही टक येत असेल तर ते लॉस्ट मोशन असू शकतं. वर्षानुवर्षं फेल्ट दबत गेलं की जॅक (पट्टीचा धक्का हातोडीला देणारा लाकडी तुकडा) आणि हातोडीचा बुंधा यांच्यात फट पडते. पट्टी थोडी रिकामीच खाली जाते आणि मग जॅक बुंध्यावर आपटतो. हा आवाज कानाला ओळखीचा करून घ्यायची एक युक्ती आहे. बहुतेक उभ्या पियानोंत डावं पेडल हातोड्यांना तारांजवळ नेतं, म्हणजे तीच फट मुद्दाम पाडतं. ते दाबून एखादा चांगला सूर हलक्या हाताने वाजव. जो टक ऐकू येईल, तोच तुझ्या बिघडलेल्या सुरात शोध. उपाय म्हणजे पट्टीच्या मागच्या टोकावरचा कॅपस्टन, म्हणजे फिरवून उंची बदलता येणारा छोटा स्क्रू, थोडासा वर घ्यायचा. जास्त घेतलास तर जॅक परत बुंध्याखाली शिरत नाही आणि सूर दुसऱ्यांदा वाजायला नकार देतो.

सेंटर पिनेवर आलास तर तिथे थांब आणि जाणकाराला बोलाव. त्या बारीक छिद्रातल्या कापडाचं काम नाजूक असतं. भले भले तिथे पोळलेत. पियानो बनवणाऱ्या स्टाइनवे कंपनीने अमेरिकेत १९६२ पासून हे कापड काढून टेफ्लॉनच्या नळ्या बसवल्या. टेफ्लॉन दमट हवेत फुगत नाही, पण भोवतीचं लाकूड फुगतं आणि आकसतं. नळ्या सैल झाल्या आणि टकटक सुरू. १९८०च्या दशकात निमूटपणे कापड परत आलं.

आणि अगदी नीरव ॲक्शन, म्हणजे पट्टीपासून हातोडीपर्यंतची यंत्रणा, मागू नकोस. लाकूड आणि फेल्ट हलणार, थोडं बोलणारच. जो धप्पा तुला वाजवताना छळतो, तो चार पावलांवर बसलेल्याला बहुतेक ऐकूही येत नाही.

हे सगळं करण्याआधी पियानोवरची फ्रेम, दिवा, नाणी, जे काय असेल ते खाली ठेव. एकेका सुराला तीही थरथरतात. पट्ट्या काढाव्याच लागल्या तर आधी १ ते ८८ नंबर दिसताहेत का बघ, नसतील तर पेन्सिलीने घाल. मी घातले नव्हते. त्या रात्रीची हकिगत भेटीत सांगेन.

टक कुठल्या क्षणी येतो ते मात्र लगेच कळव.

तुझाच