उलटी थांबली म्हणून घरी थांबू नका

महोदय,

पावसाळ्यात घरोघरी ताप असतो आणि मेडिकलमध्ये सर्वाधिक खपते ते पॅरासिटामॉल. औषध चांगलेच आहे. डेंग्यूच्या संशयातही डॉक्टर तेच देतात. धास्ती वाटते ती मात्रेच्या हिशेबाची. तापाला एक गोळी, अंगदुखीला वेगळ्या नावाची दुसरी, सर्दीला तिसरी. तिन्हींत पॅरासिटामॉल असू शकते, हे काउंटरवर रोज सांगावे लागते. धडधाकट प्रौढासाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा. ६५० मिलिग्रॅमच्या सहाच गोळ्यांत ती जवळपास गाठली जाते. दारू पिणाऱ्यांनी, यकृताचा आजार असलेल्यांनी आणि तापात उपाशी राहिलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. लहान मुलांच्या ड्रॉप्समध्ये तर एका मिलिलिटरलाच १०० मिलिग्रॅम औषध असते, साध्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२०. सिरपच्या मापाने ड्रॉप्स पाजले की बाळाच्या पोटात चौपट जाते.

जास्त मात्रा गेल्यावर पहिल्या दिवशी मळमळ, उलटी, घाम. कधी तेवढेही नाही. पुढे माणसाला बरे वाटू लागते आणि घरचे निर्धास्त होतात. आत मात्र औषधापासून तयार झालेला विषारी घटक यकृताच्या पेशी मारत असतो. उजव्या बरगडीखाली दुखणे, कावीळ, असंबद्ध बोलणे दिसेपर्यंत दोन-तीन दिवस निघून जातात.

यावर उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन. ८ तासांच्या आत सुरू झाला तर यकृत बहुधा वाचतेच. उशीर झाला तरी तो देतात. म्हणून मिठाचे पाणी पाजून उलटी काढत बसू नका. १०८ला फोन करा, रिकामी पट्टी सोबत न्या, किती वाजता किती घेतल्या ते सांगा. कुणी मुद्दाम घेतल्या असतील तर आधी रागावू नका, एकटे सोडू नका. दवाखान्यातून आल्यावर बोलायला टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे.

ब्रिटनने १९९८ मध्ये एका पाकिटातील गोळ्यांची संख्या मर्यादित केली आणि पुढे या विषबाधेचे मृत्यू घटले. आपल्याकडे निदान प्रत्येक पट्टीवर ‘यात पॅरासिटामॉल आहे’ हे ठळक मराठीत छापले जावे आणि तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात हा उतारा कायम शिल्लक असावा, यासाठी आपल्या दैनिकाने अन्न व औषध प्रशासन आणि आरोग्य विभागाकडे पाठपुरावा करावा, ही विनंती.

– एक औषधविक्रेता, मिरज