मा. गृहमंत्र्यांना खुले पत्र : पोलीस शिपायाच्या आठ तासांना कायद्यात जागा द्या

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : महाराष्ट्र पोलीस अधिनियमातील कलम २८ मध्ये दुरुस्ती करून कामाच्या तासांची मर्यादा घालण्याबाबत

महोदय,

मुंबई पोलीस दलातून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या एका शिपायाची मी मुलगी आहे. पोलीस अधिकारी सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले जाईल, असे १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाचे, म्हणजे आजच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे, कलम २८ सांगते. या एका वाक्याने आमच्यासारख्या हजारो घरांचे आयुष्य ठरवले आहे. ते बदलावे अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

या दलाचा इतिहास वाचताना एक गोष्ट सतत जाणवते, ती अशी की सुधारणा नेहमी वरून सुरू झाली आणि बहुतेक वेळा वरच थांबली. सतराव्या शतकात गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याने भंडारी समाजातल्या माणसांची पथके उभी करून माहीम, शीव आणि शिवडी येथे सुभेदार नेमले, तिथून या दलाची कहाणी सांगितली जाते. १७७९ मध्ये जेम्स टॉड याला पोलीस प्रमुख नेमले आणि पुढे भ्रष्टाचाराच्या आरोपावरून त्याला काढावे लागले. चार्ल्स फोर्जेट या पोलीस अधिकाऱ्याने १८५७ च्या धामधुमीत वेषांतर करून शहरातल्या हालचाली टिपल्या, कारण त्याला इथल्या भाषा येत होत्या आणि गल्ल्याही ठाऊक होत्या. १४ डिसेंबर १८६४ रोजी फ्रँक सूटर पहिले पोलीस आयुक्त झाले आणि १८८८ पर्यंत त्या पदावर राहिले. शिपाई कमी पडतात आणि त्यांना राहायला धड जागा नाही, ही तक्रार त्या काळापासून चालत आली आहे. १८९६ पासून आयुक्तालय क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या दगडी इमारतीत आहे आणि १९४७ मध्ये जे. एस. भरुचा पहिले भारतीय आयुक्त झाले. शिपायाचा निळा डगला आणि पिवळी टोपी जाऊन खाकी आली, पण त्याच्या कामाचे तास मात्र कोणी लिहून ठेवले नाहीत.

वरची रचना तर आजही तपशिलाने मांडलेली आहे. आयुक्तांच्या हाताखाली कायदा व सुव्यवस्था, गुन्हे, आर्थिक गुन्हे, वाहतूक आणि प्रशासन अशा शाखांची सहआयुक्तपदे आहेत, २०२३ मध्ये त्यांच्यावर विशेष आयुक्तांचे पद निर्माण झाले होते, आणि सहआयुक्तांखाली प्रादेशिक विभागांचे अपर आयुक्त, परिमंडळांचे उपायुक्त, विभागांचे सहायक आयुक्त आणि प्रत्येक ठाण्याचे वरिष्ठ पोलीस निरीक्षक अशी उतरंड आहे. नव्वदहून अधिक पोलीस ठाण्यांच्या या उतरंडीत कोणाचे अधिकार कुठे संपतात हे नेमके ठरलेले आहे. ठाणे अंमलदाराच्या खुर्चीत बसलेल्या हवालदाराची पाळी नेमकी केव्हा संपते, हे मात्र त्या दिवशीच्या बंदोबस्तावर अवलंबून असते.

माझे वडील अनंत चतुर्दशीला सकाळी हजेरीला जात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परतत. आम्ही एका पोलीस वसाहतीतल्या एका खोलीत राहत होतो. दारातच बसून ते बूट काढत आणि मोजे ओढताना त्यांच्याबरोबर टाचेची कातडी निघे, म्हणून आई आधी कोमट पाण्यात मीठ घालून पाय बुडवायला देई आणि मग मोजे पाण्यातच हळूहळू सोडवी. त्या संध्याकाळी ते पुन्हा पाळीवर असत. त्यांनी कधी तक्रार केली नाही. तक्रार करायची सोय आहे हेच त्यांना माहीत नव्हते.

अलीकडे घरातली चोरी नोंदवायला मी एका ठाण्यात गेले होते. सकाळी ज्यांनी माझे म्हणणे ऐकले, तेच हवालदार रात्री दहाला जबाबाची प्रत देताना समोर होते. त्यांनी तारीख दोनदा चुकीची लिहिली, खोडली आणि माझी माफी मागितली. त्यांचा मला राग आला नाही. पण त्याच हातांनी कोणाच्या तरी खुनाचा पंचनामाही लिहिला जातो, हा विचार मनातून जात नाही. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आहेत आणि सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणे त्यांत अपेक्षित आहे. तपासाकडून अपेक्षा वाढवायची आणि तपास करणाऱ्याची झोप कमी करायची, या दोन गोष्टी एकत्र चालणार नाहीत.

आठ तासांची पाळी अशक्य आहे असे म्हणता येणार नाही, कारण ती याच शहरात करून दाखवली गेली आहे. २०१६ मध्ये दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना देवनार पोलीस ठाण्यात हा प्रयोग सुरू झाला. वेळापत्रकाची कल्पना तिथल्याच एका शिपायाची होती आणि आयुक्तांनी ती मनावर घेतली, ही मला या दलाच्या इतिहासातली मोठी घटना वाटते. पुढे हा प्रयोग इतर ठाण्यांतही नेण्यात आला. तो उभा होता मात्र आयुक्तांच्या आदेशावर. आयुक्त बदलतात, संकट येते, आणि आदेशाने दिलेली सवलत आदेशानेच जाते.

खरी अडचण मनुष्यबळाची आहे आणि तिचे गणित सरळ आहे. एका ठाण्यात एका वेळी ३० माणसे हवी असतील, तर बारा तासांच्या दोन पाळ्यांना ६० लागतात आणि आठ तासांच्या तीन पाळ्यांना ९०. साप्ताहिक सुट्टी, रजा, न्यायालयातील हजेरी आणि बंदोबस्तासाठी बाहेर पाठवलेले शिपाई यांचा हिशेब त्यात अजून आलेलाच नाही. ही वाढीव पदे मंजूर न करता पाळी आठ तासांची केली, तर उरलेल्या कामाचा भार पुन्हा त्याच शिपायावर येतो, आणि मग प्रयोग फसला असे म्हटले जाते.

शिपायांनी हे स्वतः का मागू नये, असे कोणी विचारील. १५ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईच्या शिपायांनी काळ्या फिती लावल्या, त्यानंतर तीन दिवसांनी त्यांच्या संघटनेच्या नेत्यांना अटक झाली आणि शहरात दंगल उसळली. त्या दिवशी जाळपोळ झाली, तिचे समर्थन मी करणार नाही. पण संघटनेची मान्यता गेली ती गेलीच. पोलिसांच्या संघटना स्थापण्याच्या हक्कावर १९६६ च्या केंद्रीय कायद्यानेही मर्यादा घातलेल्या आहेत. शिस्तबद्ध दलाला संप करू देता येत नाही, हे मला मान्य आहे. मग ज्यांना मागण्याचा मार्ग कायद्याने बंद केला आहे, त्यांचे तास शासनाने स्वतःहून कायद्यात लिहिले पाहिजेत.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सहायक फौजदार तुकाराम ओंबळे गिरगाव चौपाटीवर केवळ काठी हातात घेऊन उभे होते आणि त्यांनी रायफलची नळी धरून ठेवली म्हणून कसाब जिवंत सापडला. त्या हल्ल्यानंतर फोर्स वन हे कमांडो पथक उभे राहिले, बोटी आल्या, शस्त्रे आली. ते आवश्यकच होते. काठी घेऊन नाक्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाचे तास मात्र त्या सुधारणांच्या यादीत आले नाहीत.

म्हणून माझी मागणी अशी आहे. कलम २८ मधील सदैव कर्तव्याची तरतूद आणीबाणीसाठी राहू द्यावी, परंतु सामान्य दिवशी आठ तासांपलीकडे काम घेतल्यास त्याची नोंद स्टेशन डायरीत व्हावी आणि त्याबदली ठरावीक मुदतीत रजा मिळावी, असे त्याच कलमात लिहावे. प्रत्येक ठाण्याची पदसंख्या तीन पाळ्यांच्या हिशेबाने नव्याने ठरवावी. पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची मनुष्यबळे वेगळी करण्यास सांगितले होते, त्याची सुरुवात मुंबईच्या ठाण्यांपासून करावी, म्हणजे मिरवणूक निघाली की तपास अधिकारी आपली फाइल बंद करून दोरखंड धरायला जाणार नाही.

येत्या अधिवेशनात या दुरुस्तीचे विधेयक आपण मांडाल का, याचे उत्तर मला हवे आहे. माझे वडील आता थकले आहेत, पण हे पत्र मी त्यांना वाचून दाखवले आहे आणि उत्तर आले की तेही वाचून दाखवणार आहे.

आपली विश्वासू,
एका निवृत्त पोलीस हवालदाराची मुलगी
मुंबई