मामा, मे महिन्यातलं धरण दाखवलंत त्याबद्दल

ती. मामांस,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचंही नाही. दिंडोरीकडच्या एका धरणावर मच्छीमार संस्थेची जाळी सांभाळणारे मामा, एवढी ओळख पुरे. पत्र चारचौघांत लिहितोय, कारण नाशिकमध्ये गळ टाकणारा जो तो एकच विचारतो, "कुठल्या धरणाला जाऊ?" तुम्ही त्याचं उत्तर कधीच सरळ दिलं नाहीत. उलट विचारलंत, "मे महिन्यात बघितलंय का ते?"

या उलट्या प्रश्नासाठी आधी आभार. नुसता रोहू-कटला हवा असेल तर माशांचं बीज सोडलेलं कुठलंही तळं चालतं. पण एकाच काठावर सकाळी चिलापी (तिलापिया), दुपारी मृगळ किंवा सायप्रिनस (कॉमन कार्प), संध्याकाळी मरळ आणि अंधार पडल्यावर शिंगाळा नाहीतर वाम मिळायची असेल, तर दोन-तीनशे पावलांत चार गोष्टी लागतात: गवताचा उथळ काठ, जुन्या नदीचं खोल पात्र, खडक किंवा बुडालेले बांध, आणि वरून येऊन मिळणारा एखादा ओढा. ऑक्टोबरात धरण भरलेलं असतं तेव्हा यातलं काहीच दिसत नाही. नुसतं निळं पाणी. मे महिन्यात सगळं उघडं पडतं.

तेव्हा काय करायचं हेही तुम्ही सांगितलंत. काठावरची न हलणारी खूण धरायची, म्हणजे देऊळ, विजेचा खांब, आंब्याचं झाड. तिथून जुनं पात्र कुठल्या दिशेला आणि किती पावलांवर, ते वहीत लिहायचं, तिथेच उभं राहून फोटो काढायचा, मोबाइलच्या नकाशावर खूण करून ठेवायची. प्रत्यक्ष जाणं जमलं नाही तर उपग्रहाची जुनी चित्रं असतात. एकाच जागेचं मेचं आणि ऑक्टोबरचं चित्र शेजारी ठेवलं की कुठला बांध कुठे बुडतो ते कळतं. मात्र उघड्या तळावर चालताना गाळाचा भरवसा नाही. वरून भेगाळलेली कोरडी खपली दिसते, खाली गुडघाभर चिखल असतो. काठीने ठोकून बघितल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही आणि एकट्याने तर जायचंच नाही.

दुसरी गोष्ट धरणाच्या आकाराची. मोठं धरण म्हणजे जास्त मासे, हा समज शहरात फार. गंगापूर 5630 दशलक्ष घनफुटांचं, दारणा 7149 चं, वाघाड 2302 चं, तीसगाव तर अवघं 455 चं. गळवाल्याला या आकड्यांपेक्षा रोजचा फरक महत्त्वाचा. पेपरात धरणसाठा छापून येतो, त्यात टक्केवारी न बघता कालच्या आणि आजच्या आकड्यातली वजाबाकी करायची. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी ठरावीक दिवस सोडायचं पाणी, सुटलं की लहान धरणाची पातळी झपाट्याने उतरते. काठावरचं गवत उघडं पडतं आणि तिथे चरणारी चिलापी नि दबा धरून बसलेली मरळ दोन्ही आत सरकतात. पातळी तीन-चार दिवस स्थिर राहिली की पुन्हा काठाला येतात. पावसाळा संपल्यावर खालच्या जायकवाडी धरणाला पाणी सोडायचा निर्णय झाला, जसं 2023 साली नोव्हेंबरात सोडलं होतं, तर ज्या धरणांतून पाणी सुटणार त्यांच्यावरचे आधी ठरवलेले बेत सरळ पुढे ढकलायचे. वाघाडवर आवर्तन कधी, हे तिथल्या पाणी वापर संस्थेच्या माणसाला विचारलं की कळतं. इतका सोपा मार्ग असताना लोक दिवसभर कोरड्या काठावर बसून मासे नाहीत म्हणतात.

तुमच्या ताटलीबद्दल वेगळे आभार मानायला हवेत. पांढरी एनॅमलची ताटली, मधोमध भोक, खाली पावशेर शिसं, वर दोरी आणि दोरीला वीत-वीत अंतरावर गाठी. ताटली हळूहळू पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. एका वितीतच गायब झाली तर पाणी मातीने गढूळ आहे. तिथे डोळ्यांनी शिकार करणाऱ्या मरळीसाठी नकली बेडूक फिरवण्यात अर्थ नाही, वासाचं आमिष तळाशी टाकावं. दोन-तीन विती दिसली आणि पाण्याला हिरवट छटा असली तर पाण्यात शेवाळाचे बारीक कण भरपूर आहेत, म्हणजे कटला वरच्या थरात चरत असणार. पाच वितींच्या पुढे दिसली तर पाणी नितळ. तिथे तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, बारीक घ्यावं, काठापासून मागे बसावं आणि सावली पाण्यावर पडू देऊ नये.

खोली मोजायची तुमची रीतही अशीच बिनखर्चाची. तंगुसाला दर वावेला लाल दोरा बांधायचा, टोकाला शिसं लावून सोडायचं. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरचं अंतर, साधारण साडेपाच-सहा फूट. कटला वर, रोहू मध्यावर, मृगळ आणि सायप्रिनस तळाला. एकाच जागी तीन काठ्या लावल्या आणि तिन्ही तळाशीच टाकल्या, तर दोन जाती आपणच वगळल्या.

आणि बुडबुडे. तळातून एकाच जागी मोठाले बुडबुडे थांबून थांबून येत असतील तर तो कुजलेल्या पाल्याचा वायू, त्याच्यामागे वेळ घालवायचा नाही. साबणाच्या फेसासारखे बारीक बुडबुडे येत असतील आणि त्यांची रांग हळूहळू पुढे सरकत असेल, तर खाली मृगळ किंवा सायप्रिनस तोंडाने गाळ उकरतोय. गळ त्या रांगेवर न टाकता रांग जिकडे चाललीय त्या बाजूला दोन-तीन हात पुढे टाकायचा.

चाऱ्याचं प्रमाण अनेकांनी मागितलंय म्हणून इथेच देतो. शेंगदाणा पेंड पाव किलो, भाताचा कोंडा पाव किलो, कणीक शंभर ग्रॅम. पेंड गुरांच्या खाद्याच्या दुकानात मिळते. ती रात्रभर भिजवायची. उन्हाळ्यात सकाळपर्यंत आंबूस वास सुटतो, कटल्याला तो चालतो. कोंडा सकाळी घालायचा, कणीक शेवटी, पाण्याचा हबका मारत. लिंबाएवढा गोळा करून बादलीतल्या पाण्यात सोडून बघायचा. लगेच फुटला तर कणीक वाढवायची, पंधरा मिनिटांनीही घट्ट राहिला तर कोंडा वाढवायचा. सुरुवातीला पाच-सहा गोळे टाकले की बास. पाच किलो ओतणाऱ्यांचे मासे पोट भरून निघून जातात आणि उरलेलं तळाशी सडतं. गंगापूरचं पाणी तर नाशिककर पितात, तिथे हे सांगायची वेळच येऊ नये. बाजारातल्या रंगीत इसेन्सच्या बाटल्यांवरचे पैसे गळ आणि तंगुसावर घालावेत. रोहू-मृगळला सहा नंबरचा गळ, चिलापीला दहा-बारा नंबरचा आणि गांडुळाचा अर्धा तुकडा. शिंगाळा काढताना पाठीवरच्या आणि कल्ल्यामागच्या काट्यांपासून हात सांभाळायचा. ओला गोणपाट टाकून धरलेला बरा.

थंडीत पहाटे पाचला जाऊन बसायचं खूळही आमच्या डोक्यातून तुम्हीच काढून टाकलंत. डिसेंबर-जानेवारीत निफाड-दिंडोरीकडे पारा दहाच्या खाली जातो, पाणी गारठतं, मासा सुस्तावतो. दहा-अकराला ऊन चढल्यावर, वारा ज्या काठाकडे वाहतोय तिथे, लहान आमिष लावून बसावं.

शेवटी तुमचे नकार, कारण तेही शिकवणंच होतं. जलाशय मासेमारीच्या ठेक्यावर असतो, म्हणून आधी संस्थेत जाऊन परवानगी घ्यायची. भिंतीवर आणि सांडव्याखाली बसायचं नाही. नांदूर मध्यमेश्वरला कितीही मासे दिसोत, ते पक्ष्यांचं अभयारण्य आहे आणि राज्यातली पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, तिथे गळ न्यायचाच नाही. पावसाळ्यात गवतात पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका गोल फिरताना दिसला की काठी गुंडाळायची, कारण खाली मरळीची जोडी राखणीला असते. आमिष पुढ्यात आलं तर भुकेने नाही, पिल्लांच्या काळजीने ती त्यावर झेपावते. ती काढली की बाकीचे मासे घोळका संपवतात. महाशीर लागला तर ओल्या हाताने सोडून द्यायचा. आणि बंदी असलेला थाई मांगूर हा परदेशी मासा कुणी हौसेने धरणात सोडत असेल तर त्याला तिथेच अडवायचं.

तुमची ताटली अजून आमच्याकडेच आहे. दोरी कुजली होती, नवी लावून गाठी मारल्यात. मेच्या दुसऱ्या आठवड्यात घेऊन येतो. तोवर पाणी पुरेसं उतरलं असेल तर जुन्या नाल्याच्या पलीकडचा बांधही दाखवा.

आपले,
नाशिकमधले गळवाले