सहाव्या दिवसाची कानडी पदं

सोलापूर,
७ डिसेंबर २०२५

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, हे पत्र आईच तुम्हाला वाचून दाखवत असणार. डोळ्यात थेंब टाकून पडायचं असं डॉक्टरांनी सांगितलंय, तेव्हा मध्येच "दे इकडे" म्हणून कागद ओढू नका. आणि आई, तूही मधल्या ओळी गाळू नकोस. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर बाबा "बरं बरं" म्हणतात आणि दादाच्या हातात देतात.

दत्तजयंती नीट पार पडली. यंदा मार्गशीर्ष पौर्णिमा नेमकी गुरुवारी, ४ तारखेला आली. म्हणजे एकाच दिवशी दत्तजन्म आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारची लक्ष्मी. सकाळी कलशाला पानं लावायची आणि संध्याकाळी पाळणा बांधायचा. पाणी चार-पाच दिवसांआड येतं, ते नेमकं त्या दिवशी पहाटे साडेतीनला आलं. सगळी भांडी भरून घेतली, मग आंघोळ. सोवळ्याचं सोडा, थंडीनं दात वाजत होते.

जन्म दिवे लागणीला केला, तुमच्यासारखाच. रामाचा भर दुपारी, कृष्णाचा मध्यरात्री, आणि दत्ताचा दिवस मावळताना. लहानपणी मला हा सगळ्यात सोयीचा देव वाटायचा, ऊनही नाही आणि जागरणही नाही. खालच्या मजल्यावरचे आले, गल्लीतल्या चार बायका आल्या. एकनाथांची आरती झाली, सुंठवडा वाटला. सुंठ जरा जास्त पडली. पोरं तोंड वाकडं करून पळाली.

नैवेद्याला घेवडा केला. आई, घेवडा निवडताना तुझी आठवण आली. गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायात नृसिंहसरस्वती स्वामी त्या गरीब ब्राह्मणाच्या दारातला घेवड्याचा वेल उपटून टाकतात, त्याची बायको आकांत करते, आणि पुढे त्याच वेलाच्या मुळाशी द्रव्याचा कुंभ सापडतो. बाबा दरवर्षी कुंभापाशी गहिवरायचे. तू स्वयंपाकघरातून म्हणायचीस, "कुंभ नंतर सापडला हो. वेल उपटला तेव्हा रात्रीला काय शिजवायचं, हे तिलाच बघायचं होतं." हे मी माझ्या पोरींनाही सांगते.

आता मुख्य गोष्ट. बाबा, तुम्ही दादाकडे जाताना जावयांना सांगून गेला होतात की पारायणाचा सप्ताह मोडू देऊ नका. त्यांनी मनापासून सुरू केला. २८ तारखेला, शुद्ध अष्टमीला, संकल्प सोडला. पहिल्या दिवशी नऊ अध्याय, दुसऱ्या दिवशी एकवीसपर्यंत, तिसऱ्या दिवशी एकोणतीस. रविवारी रात्री त्यांना कामाचा निरोप आला, चार दिवस बार्शीला मुक्काम. समई तेवत होती, चौरंगावर पोथी उघडी. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही "गुरुजींना बोलव" म्हणाला असता. मी गुरुजींना फोन केलाही. त्या आठवड्यात त्यांना सात घरं होती.

सोमवारी पहाटे मीच बसले. चौथा, पाचवा, सहावा आणि सातवा दिवस मी वाचला. बायकांनी गुरुचरित्र वाचायचं नाही, हे मला माहीत आहे. लहानपणापासून ऐकत आले आहे. आणि गंमत बघा, चौथ्या दिवशी माझ्या वाट्याला आलं काय, तर माहूरच्या त्या मुलीची कथा. गाणगापूरला येते आणि तिचा आजारी नवरा तिथंच प्राण सोडतो, तिला पतिव्रतेचे धर्म सांगितले जातात, विधवेनं कसं राहावं तेही सांगितलं जातं, आणि मग नवरा उठून बसतो. बाईनं कसं उठावं, कसं बसावं, काय खावं, हे सगळं मी एकटीच, माझ्याच आवाजात, रिकाम्या खोलीला वाचून दाखवत होते. मधे दूधवाल्यानं बेल वाजवली. उठले नाही. पिशवी शेजारणीनं घेतली.

राग आला का, बाबा? थांबा, अजून आहे.

बुधवारी सहावा दिवस. स्वामींच्या भक्ताची, सायंदेवाची कथा आली की त्यात ती कानडी पदं येतात, तुम्हाला ठाऊकच आहे. पोथी लिहिणारे सरस्वती गंगाधर त्या सायंदेवाच्या वंशातले, घरची भाषा कानडी. मराठी आपल्याला नीट येत नाही असं ते स्वतःच लिहितात. म्हणून मराठी ओव्या चालू असताना मधेच कानडी. आणि दरवर्षी तिथं तुमची गाडी अडायची. छापलंय तसं तुम्ही "कंडे... निंदु" असं तोडायचात, जणू कुणाची निंदा चाललीय. मग आतून, पोळपाटावरून हात न काढता, आईचा आवाज यायचा: "कंडेन, इंदु. आज पाहिलं, असं आहे ते." तुम्ही घसा खाकरून पुढे जायचात. आम्ही भावंडं तोंडावर हात धरून हसायचो. ते आमच्यासाठी पारायणातलं सगळ्यात मोठं आकर्षण होतं.

परवा मीही तिथंच अडले. आसनावरून उठायचं नाही म्हणून फोन शेजारी घेऊनच बसले होते. (हा नियम कुठल्या अध्यायात आहे ते विचारू नका.) पहाटे सहाला आईला लावला. तुम्ही झोपला होता. म्हटलं, "आई, कानडी आलंय." ती बाल्कनीत गेली असावी, मागून गाड्यांचे आवाज येत होते. पहिले दोन शब्द मी उच्चारले आणि पुढचं सगळं तिनं म्हटलं. सगळं. पोथी समोर नाही, चष्मा नाही. नुसतं म्हटलं नाही, चालीत म्हटलं. अक्कलकोटकडच्या तिच्या माहेरी म्हणत असतील तशा. मी बोट ठेवून ओळी जुळवत होते. छापलेल्या दोन ठिकाणी मला तिचंच बरोबर वाटलं.

बाबा, तिनं हे कधी पाठ केलं? पोथीला तिनं हात लावला तो लाल कापड धुवायला काढताना. चाळीसेक वर्षं ती दाराआड उभी राहून ऐकत होती. नैवेद्य तिचा, वाती तिच्या, उद्यापनाच्या पुरणपोळ्या तिच्या. गाणगापूरला गेलो तेव्हाही, आठवतं का, भीमा-अमरजेच्या संगमावर तुम्ही पाण्यात उभं राहून जप करत होता आणि ती काठावर आमचे ओले कपडे पिळत होती. तिथले मधुकरी मागणारे तिच्याशी कानडीत बोलायला लागले तेव्हा ती किती हसली होती! तेवढी हसलेली मी तिला आपल्या घरात क्वचितच पाहिली. सोलापुरात राहून आपण तिचं कानडी स्वयंपाकघरापुरतं ठेवलं. यात मीही आले. शाळेतल्या मैत्रिणी आल्या की मी तिला "मराठीत बोल" म्हणायचे.

आई, तू इथं थांबली असशील. वाच पुढे.

दादा म्हणतो की बाबांना बारीक अक्षर आता फार वेळ वाचता येणार नाही. औषधांच्या बाटल्या आईच वाचते, पेपर आईच वाचते, बँकेचा कागद आला तरी आईच. पुढच्या मार्गशीर्षात तुम्ही आसनावर बसा, बाबा, संकल्प तुमचाच असू दे. पोथी तिच्यापुढे ठेवा. शास्त्र काय म्हणतं यावर तुमच्याशी वाद घालायची माझी पात्रता नाही. पण ती अडणार नाही, एवढं मी ऐकलंय.

पोथी लाल कापडात बांधून कपाटाच्या वरच्या खणात ठेवली आहे, मोरपीस होतं त्याच पानावर. औदुंबराच्या कुंडीला नवी दोन पानं आलीत. सुंठवडा आणि शेंगाची चटणी दादाच्या मित्राबरोबर पाठवते आहे, चटणी वेगळ्या डब्यात. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी येणारच आहात, तेव्हा पोथी घेऊन जा. त्याआधी दादाला सांगून आईच्या चष्म्याचा नंबर तपासून घ्या. सात-आठ वर्षं तोच आहे, आणि पोथीचा छाप फार बारीक आहे.

तुमची,
धाकटी